आयव्हीएफमधलं एआय नेमकं काय करतं? भ्रूणाचा स्कोअर आणि त्यामागचा डेटा

मोबाईल, ॲप्स आणि एआयबद्दल आपण इथे नेहमीच बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण शेवटी तो डेटावरच येतो.

गेल्या काही महिन्यांत माझ्या फीडवर फर्टिलिटी सेंटर्सच्या नवीन धाटणीच्या जाहिराती दिसायला लागल्यात. 'एआयने निवडलेला भ्रूण', 'स्मार्ट आयव्हीएफ' वगैरे. मागे ऑफिसमधल्या एका मित्राने तर एका सेंटरचं एस्टिमेटच मला व्हॉट्सॲप केलं. इंजेक्शन्स, ओटी चार्जेस, भूल, फ्रीझिंग आणि त्याखाली वेगळी ओळ, वेगळे पैसे: 'एआय एम्ब्रिओ स्कोअरिंग'. सोबत प्रश्न, "तू मशीन लर्निंगमध्ये आहेस ना, हे घ्यायचं का सांग."

मी डॉक्टर नाही. कोणतं औषध घ्यावं, आयव्हीएफ करावं की थांबावं, यावर मी बोलणार नाही आणि तुम्हीही ते माझ्यासारख्याला विचारू नका. पण मॉडेल कसं ट्रेन होतं, त्याची अचूकता कशी मोजतात आणि ती कुठे फुगते, हे माझं रोजचं काम आहे. तेवढ्यापुरतं बोलूया. उत्तर आधीच देऊन टाकतो: हे एआय भ्रूणांची रांग लावतं. रांगेतल्या एकाही भ्रूणाला ते सुधारत नाही. आता हे सविस्तर बघू.

आधी लॅबमध्ये काय होतं ते समजून घेऊ

नेहमी एका पाळीच्या चक्रात साधारण एकच स्त्रीबीज तयार होतं. आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस हार्मोनची इंजेक्शन्स देऊन एकाच वेळी अनेक बीजं वाढवतात आणि भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, बारीक सुईने ती बाहेर काढतात. मग लॅबमध्ये त्यांचं शुक्राणूंशी फलन होतं. एक तर दोन्ही एका डिशमध्ये एकत्र ठेवतात, नाहीतर एक शुक्राणू निवडून तो थेट बीजात सोडतात. या दुसऱ्या पद्धतीला इक्सी म्हणतात. ब्रुसेल्समधल्या टीमने १९९२ मध्ये ती जगासमोर आणली आणि शुक्राणू कमी असलेल्या पुरुषांसाठी चित्रच बदललं.

फलन झालं की डिश इन्क्युबेटरमध्ये जाते. तापमान ३७ अंश, ऑक्सिजन बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी असतात. पाचव्या दिवशी आत पोकळी असलेला, शंभरच्या आसपास पेशींचा गोळा तयार होतो, त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. प्रत्येक टप्प्यावर गळती होते. दहा बीजं मिळाली म्हणजे दहा भ्रूण मिळाले असं नसतं. काही बीजं कच्ची निघतात, काहींचं फलन होत नाही, काही भ्रूण तिसऱ्या दिवशीच थांबतात. शेवटी हातात दोन किंवा तीन उरणं अगदी कॉमन आहे. कधी एकच, कधी एकही नाही.

आता प्रश्न येतो: या दोन-तीनांपैकी आधी कोणता गर्भाशयात सोडायचा? सगळे एकदम सोडले तर जुळी-तिळी होण्याचा धोका, आणि तो आई आणि बाळं दोघांसाठी खरा धोका आहे. म्हणून हल्ली एका वेळी एकच भ्रूण सोडण्याकडे कल आहे. त्यामुळे निवड महत्त्वाची झाली.

ही निवड वर्षानुवर्षं एम्ब्रिऑलॉजिस्ट डोळ्यांनी करत आलेत. रिपोर्टवर '४एए' किंवा '३बीबी' असं काहीतरी लिहिलेलं असतं ते हेच. आकडा म्हणजे भ्रूण किती फुगलाय, पहिलं अक्षर म्हणजे आतल्या पेशींचा पुंजका कसा दिसतो (यातून बाळ तयार होतं) आणि दुसरं अक्षर बाहेरच्या थराचं (यातून वार तयार होते). गंमत म्हणजे एकाच भ्रूणाला दोन अनुभवी माणसं वेगवेगळी ग्रेड देऊ शकतात. इथेच एआयवाल्यांना संधी दिसली.

कॅमेरा असलेला इन्क्युबेटर

पूर्वी भ्रूण बघायचा तर डिश बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली धरावी लागायची. टाइम-लॅप्स इन्क्युबेटरमध्ये कॅमेरा आतच असतो आणि दर काही मिनिटांनी फोटो काढत राहतो. पाच दिवसांनी प्रत्येक भ्रूणाचा एक छोटा व्हिडिओ तयार. कधी दोन पेशी झाल्या, कधी चार झाल्या, कुठली पेशी मध्येच तुटली, सगळं रेकॉर्ड होतं.

पाच दिवसांचा व्हिडिओ आणि शेवटी 'गर्भ राहिला की नाही' हे लेबल. मशीन लर्निंगवाल्या माणसाला याहून काय हवं! २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका टीमने असंच केलं. चार देशांतल्या आठ लॅबमधले १०,६३८ भ्रूण, त्यांचे व्हिडिओ आणि त्यावर डीप लर्निंग मॉडेल. रिझल्ट आला: एयूसी ०.९३. बातम्यांमध्ये त्याचं सरळ '९३ टक्के अचूक' झालं.

एयूसी म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगतो. एक यशस्वी भ्रूण घ्या, एक अयशस्वी घ्या. मॉडेलने यशस्वीला जास्त मार्क देण्याची शक्यता म्हणजे एयूसी. ०.५ म्हणजे नाणं उडवल्यासारखं, १ म्हणजे कधीच चूक नाही. म्हणजे ०.९३ जबरदस्तच आहे. पण हा आकडा '९३ टक्के लोकांना बाळ होईल' असं अजिबात सांगत नाही. आणि तो आला कसा, तेही बघायला हवं.

आंब्याच्या पेटीचा हिशोब

विचार करा, लेबल कोणाला मिळतं? जो भ्रूण गर्भाशयात सोडला, त्याचाच निकाल कळतो. बाकीच्यांचं काय झालं असतं, हे कोणालाच माहीत नाही. मग दहा हजारांहून जास्त भ्रूणांना लेबल आलं कुठून? जे भ्रूण खराब दिसले म्हणून लॅबने आधीच टाकून दिले होते, तेही डेटात 'अयशस्वी' म्हणून मोजले गेले.

आता आंब्याची पेटी डोळ्यांसमोर आणा. सडका आंबा कोणता आणि चांगला कोणता, हे तुमच्या घरातलं लहान पोरही सांगेल. त्यात मॉडेलला ०.९३ मिळाले तर कौतुक ते काय? खरा प्रश्न वेगळा आहे. दोन उत्तम हापूस समोर ठेवलेत, दोन्ही पिवळेधमक, दोन्हींना वास. यातला गोड कोणता? जोडप्याला नेमकं हेच विचारायचं असतं, कारण सडके आंबे लॅबने आधीच बाजूला काढलेले असतात. या अवघड प्रश्नावर मॉडेल्सचे मार्क बरेच खाली येतात. यात कोणी आकडे बनवले असं मी म्हणत नाहीये. परीक्षा सोपी होती, एवढंच.

अजून दोन अडचणी आहेत. पहिली, लेबलमध्येच गोंधळ आहे. भ्रूण उत्तम असूनही गर्भ राहत नाही, कारण त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर नीट नव्हतं किंवा अजून काही. मॉडेल मात्र तो दोष भ्रूणाच्या खात्यावर टाकतं. दुसरी, जे सर्वात महत्त्वाचं आहे ते कॅमेऱ्याला थेट दिसतच नाही. भ्रूण न रुजण्याचं किंवा गर्भपात होण्याचं एक मोठं कारण म्हणजे गुणसूत्रांची संख्या चुकणं, आणि ती बहुतेक वेळा स्त्रीबीजातच चुकलेली असते. वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं. चाळिशीत तर निम्म्याहून जास्त भ्रूणांत ही गडबड असते. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या भ्रूणातही.

मग खऱ्या चाचणीत काय झालं?

सॉफ्टवेअरमध्ये आपण ए-बी टेस्ट करतो. अर्ध्या युजर्सना जुना बटण, अर्ध्यांना नवा, आणि बघायचं कोणता चालतो. वैद्यकशास्त्रात याचीच कडक आवृत्ती आहे: चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडायचे आणि निकाल मोजायचे. जुन्या डेटावरच्या एयूसीपेक्षा मी यावर दहापट जास्त विश्वास ठेवतो.

आधी नुसत्या कॅमेऱ्याची चाचणी. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या सात केंद्रांचा अभ्यास आला. १,५७५ जण, तीन गट. टाइम-लॅप्स फोटो वापरून भ्रूण निवडले त्या गटात ३३.७ टक्के जणींना बाळ झालं. इन्क्युबेटर तोच पण निवडीसाठी फोटो वापरले नाहीत, तिथे ३६.६ टक्के. नेहमीच्या पद्धतीत ३३ टक्के. तिन्हींत संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही.

आता एआय. मघाशी सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन मॉडेलच्या वंशातलंच एक सॉफ्टवेअर आहे, आयडीएस्कोअर. त्याची चाचणी २०२४ मध्येच 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आली. ऑस्ट्रेलिया आणि युरोपमधली १४ केंद्रं, १,०६६ रुग्ण. निम्म्यांचे भ्रूण एआयने निवडले, निम्म्यांचे एम्ब्रिऑलॉजिस्टने. एआय गटात ४६.५ टक्के गर्भधारणा, माणसांच्या गटात ४८.२ टक्के.

इथे थोडं थांबा, कारण हे आकडे वाचून 'माणूस जिंकला' असं म्हणणंही चूक आहे. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढा छोटा आहे. पण चाचणीचं उद्दिष्टच साधं होतं: एआय माणसापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त मागे पडत नाही, एवढं सिद्ध करायचं होतं. 'जास्त चांगलं' नाही, फक्त 'फारसं वाईट नाही'. तेवढंही या आकड्यांवरून खात्रीने म्हणता आलं नाही. आणि या अभ्यासाला पैसे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचेच होते. मला यात कंपनीचं कौतुक वाटतं, कारण नकोसा निकालही त्यांनी छापून येऊ दिला. आपल्या इंडस्ट्रीत असा निकाल बहुतेक वेळा कुठल्यातरी फोल्डरमध्येच राहतो.

एक गोष्ट मात्र एआयने दणदणीत जिंकली. भ्रूण तपासायला माणसाला सरासरी २०८ सेकंद लागले, एआयला २१. म्हणजे लॅबचा वेळ वाचतो. ही चांगलीच गोष्ट आहे, गर्दीच्या लॅबमध्ये तर फारच. पण वेळ लॅबचा वाचतोय, मग त्याचं वेगळं बिल रुग्णाने का भरायचं?

रांग बदलली तरी माणसं तीच

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जाहिरातीत तो कधीच नसतो.

समजा एका जोडप्याचे तीन भ्रूण आहेत. एक आत्ता सोडणार, दोन फ्रीज करणार. पहिल्याने काम झालं नाही तर दुसरा, नाहीतर तिसरा. या तिघांत एक चांगला असेल तर तो पहिल्या नंबरवर असो की तिसऱ्या, त्याची पाळी कधीतरी येणारच. उत्तम निवड केली तर तो लवकर मिळेल, दोन निराशा आणि दोन प्रोसिजरचा खर्च वाचेल. हे कमी नाही. ज्यांनी ती दोन आठवड्यांची रिपोर्टची वाट पाहिली आहे त्यांना विचारा. पण तिन्ही भ्रूण मिळून बाळ होण्याची एकूण शक्यता या निवडीने वाढत नाही. तुमच्या गॅलरीत तीन फोटो आहेत आणि ॲपने त्यातला बरा फोटो वर आणला, तर फोटो काही सुधारला नाही.

आणि भ्रूण एकच असेल तर? मग निवडायचं काय? तरीही काही ठिकाणी स्कोअरिंगची ती ओळ बिलात असतेच. मित्राच्या एस्टिमेटमध्येही ती होती, बीजं काढायच्या आधीच. किती भ्रूण होणार हे कोणालाच माहीत नसताना.

एआय खरंच कुठे कामाचं आहे

आता तुम्ही म्हणाल, हा एआयच्या विरोधातच लिहितोय. अजिबात नाही. एक उदाहरण बघा, मला स्वतःला ते वाचून फार भारी वाटलं होतं.

काही पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ नसतातच. याला ॲझूस्पर्मिया म्हणतात. (मूल होत नसलं की आपल्याकडे आधी बाईलाच तपासायला नेतात. प्रत्यक्षात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. पुरुषाची पहिली तपासणी तर साधी आणि स्वस्त असते.) अशा नमुन्यात एखाद-दुसरा शुक्राणू असेलही, पण तो शोधणार कसा? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या झेव्ह विल्यम्स यांच्या टीमने यासाठी 'स्टार' नावाची सिस्टीम बनवली. नमुना केसासारख्या बारीक नळ्यांच्या चिपमधून वाहतो, हायस्पीड कॅमेरा फोटो काढतो, मॉडेल शुक्राणू ओळखतं आणि तेवढाच थेंब अलगद बाजूला काढला जातो. २०२५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी एका जोडप्याची केस मांडली. जवळपास वीस वर्षं प्रयत्न करत असलेलं जोडपं. साडेतीन मिलिलिटर नमुना, सुमारे दोन तास, २५ लाख फोटो, आणि सापडले दोन शुक्राणू. त्यातून दोन भ्रूण तयार झाले आणि गर्भ राहिला.

ही एकच केस आहे. मोठ्या चाचण्या व्हायच्या आहेत. पण इंजिनिअर म्हणून मला इथला प्रश्नच आवडला. 'या फोटोत शुक्राणू आहे का?' याचं उत्तर मायक्रोस्कोपखाली लगेच तपासता येतं. मॉडेल चुकलं तर तिथेच कळतं. भ्रूणाच्या स्कोअरचं तसं नाही. ८.७ स्कोअर आला आणि गर्भ राहिला नाही, तर कोणाला जाब विचारणार? दुसरा भ्रूण आधी सोडला असता तर काय झालं असतं, हे कधीच कळणार नाही. गवताच्या गंजीतली सुई शोधायला एआय लावा, मी पहिला टाळ्या वाजवीन. भविष्य सांगायला लावलंत तर मी आधी चाचणीचा निकाल मागेन.

मोबाईलवाल्यांसाठी एक अजून. बोस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये स्मार्टफोनला लावायचं छोटं उपकरण बनवलं होतं. त्यातून शुक्राणूंची संख्या आणि हालचाल मोजता येते. ३५० नमुन्यांवर अचूकता सुमारे ९८ टक्के, आणि सुट्या भागांचा खर्च पाच डॉलरच्याही आत. इथेही काम मोजण्याचंच, भाकीत नाही. आणि गेमर्ससाठी: इक्सीची सुई हलवणारा एक रोबो बार्सिलोनातल्या इंजिनिअर्सनी बनवला, आणि न्यूयॉर्कमध्ये एका इंजिनिअरने तो चक्क प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरने चालवला. त्यातून दोन मुली जन्मल्या. आई म्हणायची ना, गेम खेळून काय होणार!

आपल्याकडे काय?

या संशोधनात आपण नवखे नाही. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जन्मलं. त्यानंतर ७० दिवसांनी, तीन ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुसरं. तेही भ्रूण गोठवून ठेवून, जे आज जगभर सर्रास करतात. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, परदेशी परिषदेला जाऊ दिलं नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मुंबईत ऑगस्ट १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, तेव्हा भारतातलं पहिलं म्हणून त्याचीच नोंद झाली. पुढे आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि १९९७ मध्ये स्वतः लिहून सांगितलं की पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे. स्वतःचा रेकॉर्ड स्वतःच खोडणारे शास्त्रज्ञ किती असतील?

आज आपल्याकडे २०२१ चा एआरटी कायदा आहे. प्रत्येक सेंटरची नोंदणी बंधनकारक आहे. आणि त्याच कायद्यात हेही आहे की यशाची शक्यता, फायदे, तोटे, धोके आणि खर्च हे सगळं सेंटरने जोडप्याला समजावून सांगायचं. म्हणजे प्रश्न विचारणं हा आगाऊपणा नाही. आणखी एक, एआय असो की गुणसूत्रांची तपासणी, मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला होता, देशाचा १९९४ मध्ये आला. कोणी 'सॉफ्टवेअरमध्ये दिसतं' असं कुजबुजत सांगितलं तर तिथून सरळ बाहेर पडा.

मित्राला मी तीन गोष्टी विचारून यायला सांगितलं. हे सॉफ्टवेअर वापरून बाळ होण्याचं प्रमाण वाढलं असं चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत दिसलंय का, की फक्त जुन्या डेटावरचा आकडा आहे? एकच भ्रूण झाला तर स्कोअरिंगचे पैसे परत मिळणार का? आणि 'सक्सेस रेट ७० टक्के' म्हणजे नक्की कशाचे टक्के: टेस्ट पॉझिटिव्ह, हृदयाचे ठोके, की घरी आलेलं बाळ? आणि कोणत्या वयाच्या बायकांमध्ये?

तिसऱ्या प्रश्नावर काउन्सेलरने आत जाऊन डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी वीस मिनिटं बसून, त्याच्या बायकोच्या वयोगटाचे वेगळे आकडे कागदावर लिहून दिले. ते जाहिरातीपेक्षा बरेच कमी होते. स्कोअरिंगची ओळ त्यांनी स्वतःच खोडली.